हौसाबाईचं रोजचं पान

मी गाव सोडलं ते एका बैलाच्या शेजारी उभं राहून.

हसा, खुशाल हसा. तुमच्यातले कित्येक जण विमानानं गेलात, गळ्यात हार घालून गेलात, पाया पडायला आलेल्यांची रांग लावून गेलात. माझ्या वाट्याला टेम्पो आला. बेल्ह्याचा बाजार उरकून चाकणचा एक व्यापारी नवा बैल घेऊन परत निघाला होता आणि आमच्या नानांची, म्हणजे वडिलांची, त्याच्याशी चांगली ओळख होती. आळेफाट्यावर त्यांनी हात दाखवून टेम्पो थांबवला. पुढच्या सीटवर आधीच दोघं कोंबून बसले होते, म्हणून मला मागं चढवलं. एका हातात आयटीआयच्या सर्टिफिकेटची पिशवी, दुसऱ्या हातात भाकरीचं फडकं. बैल माझ्याकडं बघत होता, मी बैलाकडं. कुठं चाललोय हे आम्हा दोघांनाही नीट माहीत नव्हतं.

माझी आई, जिला आम्ही सगळी भावंडं बाई म्हणतो, पदरानं डोळे पुसत होती आणि पुसता पुसता सूचना देत होती. "दत्तू, त्याच्या शिंगाम्होरं उभा राहू नको. आन रोज चार ओळी लिव. न्हाई लिवल्यास तर मी तिथं येऊन बसंन, सांगून ठेवते."

नाना मला काहीच बोलले नाहीत. त्यांनी बैलाच्या पाठीवर थाप मारली आणि म्हणाले, "सांभाळून घे रं याला."

हे ते बैलाला म्हणाले.

आळेफाट्याहून भोसरी म्हणजे दोन-अडीच तासांची वाट. माणसं दुबईला जातात, अमेरिकेला जातात. मी भोसरीला गेलो, पण रडलो मात्र अमेरिकेइतकं. चाकणला बैल उतरला तेव्हा तर मला आणखीनच पोरकं वाटलं.

भोसरीत एका वर्कशॉपला लेथवर लागलो. तीन जणांत एक खोली. बाईला शब्द दिला होता, म्हणून रोज एक पोस्टकार्ड. पहिला आठवडा झकास गेला: खोली कशी आहे, नळाला पाणी कधी येतं, मेसवाली काकू आमटीत गूळ कसा घालते. दुसरा आठवडा कसाबसा ढकलला. तिसऱ्या आठवड्यात माझं आयुष्य संपलं. म्हणजे सांगण्याजोगं. रोज उठायचं, लेथवर उभं राहायचं, जेवायचं, झोपायचं. असल्या दिवसाच्या चार ओळी निघाव्यात कुठून? आणि चार ओळी गेल्या नाहीत तर बाई खरोखर येऊन बसणार. ती बोलते ते करते.

मग एका सकाळी मी लिहिलं, "आज आमच्या वरच्या मजल्यावरच्या हौसाबाईंची कोंबडी जिन्यावरून पळाली."

आमच्या वर मजला नव्हता. वर गच्ची होती आणि गच्चीत पाण्याची टाकी. पण कार्डावर ते कुणाला दिसतंय? हौसाबाई आंबेगावकडच्या, थेट भीमाशंकरच्या पायथ्याच्या. नवरा वारलेला, मुलगा नोकरीसाठी लांब गेलेला. एसटीत पिशवीतून कोंबडी घेऊन आलेल्या आणि कंडक्टरनं विचारल्यावर "माझी नात हाय" म्हणून मोकळ्या झालेल्या. त्यांनी डब्यात नाचणी पेरली. रेशनच्या दुकानदाराला दटावलं. माझी कार्डं एकदम भरून जायला लागली, अक्षर बारीक करावं लागलं.

इकडं गावी काय चाललं होतं, ते मला माहीतच नव्हतं. बाई सातवीपर्यंत शिकलेली. आमच्या आळीत मोठ्यानं वाचून दाखवणारी बाई ती एकटी, आणि त्याचा तिला भारी तोरा. दुपारच्या चहाला ओट्यावर बसून ती माझं कार्ड वाचायची. नाना तंबाखू मळत ऐकायचे. शेजारची साळूकाकू आणि आणखी एक-दोघी कांदा निवडायला म्हणून यायच्या. कांदा तसाच राहायचा.

सहा महिन्यांनी बाई भोसरीला आली. हातात दोन गाठोडी. एक माझं. दुसऱ्यात हुलग्याचं पीठ आणि बाजरीची कणी. पाणीसुद्धा न पिता ती जिना चढायला लागली.

"बाई, कुठं चाललीस?"

"हौसाबाईकडं. हुलगं तिला, कणी कोंबडीला."

मी मागं पळालो, पण ती गच्चीत पोचली होती. टाकीकडं बघत उभी.

"हितं तर टाकी हाय. बाई कुठाय?"

"ती... नाही."

"गावी गेली व्हय?"

"नाही, म्हणजे ती नाहीच. मीच आपलं लिहीत होतो."

बाई टाकीच्या कठड्यावर टेकली. मी गाल पुढं करून उभा राहिलो. तिनं गाठोडं मांडीवर घेतलं. मग म्हणाली, "मेल्या, तिच्या पोराचं कागुद यावं म्हणून मी नारळ फोडला. अख्ख्या आळीला खोबरं वाटलं."

"चुकलं."

"आन कोंबडी?"

"कोंबडी पण नाही."

हौसाबाईपेक्षा कोंबडीचं तिला जास्त लागलं, हे मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलंय. संध्याकाळपर्यंत ती माझ्याशी बोलली नाही. मग स्टोवर भाकरी थापता थापता, माझ्याकडं पाठ करूनच, तिनं विचारलं, "मंग फुडं काय झालं तिचं? आला का त्यो पोरगा भेटाया?"

"अजून ठरवलं नाही."

"मंग ठरव की! माणसं वाट बघत्यात."

लोक मला विचारतात, लेखनाचं शिक्षण कुठं घेतलं. मी गंभीर चेहरा करतो आणि काहीतरी भारदस्त सांगतो. खरं शिक्षण एवढंच. स्टोवरची भाकरी आणि ते "मंग ठरव की".

त्यानंतर कार्डांची पानं झाली आणि पानांच्या गोष्टी झाल्या. गोष्टी दिवाळी अंकांना पाठवायला लागलो. खोली दर अकरा महिन्यांनी बदलायची, म्हणून पाकिटावर पत्ता गावचा घातला. त्यामुळे झालं असं की माझी प्रत्येक नापसंत गोष्ट भोसरीला नाही, थेट आमच्या ओट्यावर परत यायला लागली.

आता इथं आमच्या घरची एक रीत सांगायला हवी. बैल बाजारात नेला आणि विकला न जाता परत आला, तर नाना त्याला सरळ गोठ्यात घेत नसत. दाराशी थांबवून त्याच्यावरून भाकरतुकडा आणि पाणी ओवाळून टाकायचे. दिवसभर दहा जणांनी दात बघितलेले, शेपूट ओढलेली, नावं ठेवलेली. एवढी नजर अंगावर घेऊन आलेला जीव तसाच आत कसा घ्यायचा, असं त्यांचं म्हणणं.

पहिलं पाकीट आलं तेव्हा तात्या पोस्टमन ते घेऊन पायरी चढत होते. नाना ओरडले, "थांब तात्या! तसंच आत नगो आणू." आणि आत वळून, "आगं, भाकर आण. दत्तूची गोष्ट बाजार हिंडून आलीया."

तात्यांनी पाकीट पुढं धरलं आणि नानांनी त्याच्यावरून भाकरीचा तुकडा ओवाळून उकिरड्याकडं भिरकावला. मग बाईनं पाकीट फोडलं आणि ओट्यावर बसून ती गोष्ट आळीला वाचून दाखवली.

अशा सतरा गोष्टी परत आल्या. सतरा वेळा भाकर ओवाळली गेली. मी शरमेनं लाल व्हायचो, पण नाना म्हणायचे, "परत आला म्हंजे खराब न्हाई. त्याचं गिऱ्हाईक त्या बाजाराला आलं नव्हतं. फुडच्या बाजारी ने." मी पुढच्या बाजारी न्यायचो. धीर वगैरे मोठी नावं मी त्याला देणार नाही. सतरा वेळा परत आलेल्या माणसाला घरच्यांनी सतरा वेळा आत घेतलं, तर तो अठराव्यांदा जातोच.

अठरावी गोष्ट पसंत पडली. मी एसटीडी बूथवरून गावी शेजारच्या घरी फोन लावून नानांना बोलावलं आणि आनंदानं किंचाळलो, "नाना, गोष्ट घेतली! छापणार!"

"म्हंजे ती हिकडं येनार न्हाई?"

"नाही! दिवाळीत अंकात येईल!"

नानांनी घसा खाकरला. मग, "आन तवर आमी काय ऐकायचं?"

त्या दिवशी फोनवर करार झाला, तो आजतागायत चालू आहे. रोज एक पान. आधी गावी, मग जगात. साडेचारला उठायचं, फर्स्ट शिफ्ट असो की सेकंड. हातानं एक पान लिहायचं, त्याची एक नक्कल स्वतःसाठी ठेवायची आणि पान पाकिटात घालून कंपनीत जाताना पेटीत टाकायचं. पान जिथं संपेल तिथं थांबायचं, वाक्य अर्धं असलं तरी. याचे दोन फायदे. दुसऱ्या दिवशी कुठून सुरू करायचं याची चिंता नाही, आणि ओट्यावरच्या मंडळींना चैन नाही. कंपनीत सुपरवायझर लेथवर अडकलेल्या कामाकडं बोट दाखवून ओरडायचा, "ओ साहित्यिक, जॉब काढा जॉब!" माझी बायको शैला मात्र समजूतदार. चहाचा कप ठेवताना एवढंच विचारते, "उठली का तुमची हौसाबाई? मग तिलाच सांगा दूध आणायला."

खोटं कशाला बोलू, बहुतेक पानं टाकाऊ होती. पण चुकवलं एकही नाही. एकदा टायफॉइडमध्ये ग्लानीत लिहिलेलं पान गेलं, तेव्हा बाईचा निरोप आला होता, "आजचं समजलं न्हाई, पर लई भारी व्हतं."

वर्षं गेली. मुलगी शिकली, भोसरीत वन बीएचके झाला, गोष्टींची दोन पुस्तकं आली. पण हौसाबाईची पुरी कादंबरी काही हातून उतरेना. तीन वर्षांपूर्वी ती पहिल्यापासून मांडायला घेतली, रोज एक पान या हिशोबानं. आता घरोघरी मोबाईल. मी बाईला म्हटलं, "कशाला डोळे शिणवतेस? मी फोनवर वाचून दाखवत जातो."

"तू वाचल्यावं मंग मी काय करू?" ती म्हणाली. विषय संपला.

आणि दोन वर्षांपूर्वी तिचे डोळे गेले. एकदम नाही. उजवा आधी गेला, डावा रेंगाळत राहिला. मी तिला नारायणगावला डॉक्टरांकडं नेलं. त्यांनी शांतपणे समजावलं की हा मोतीबिंदू नाही, मागचा पडदा झिजलाय, ऑपरेशनचा उपयोग नाही. "आहे तेवढी नजर जपून वापरा, आजी."

बाईनं पदर सावरला आणि बाजारात भाव करावा तसं विचारलं, "एक कादंबरी व्हईल का तेवढ्यात?"

डॉक्टर हसले. मी हसलो नाही. कादंबरी निम्मी झाली होती.

मला भीती बसली. मी रोज तीन-तीन पानं पाठवायला लागलो. नवव्या दिवशी बाईचा फोन. "दत्तू, घाई करतुयास. हौसाबाई पळाया लागली. आरं, गुडघेदुखीची बाई हाय ती."

मी परत एका पानावर आलो. मग उपाय एकच उरला, अक्षर मोठं करायचं. आधी पानावर चोवीस ओळी असायच्या, त्या पंधरा केल्या. मग दहा. मग बॉलपेन सोडून कंपनीतल्यासारखा जाड मार्कर घेतला आणि पानावर सहा ओळी आल्या. सहा ओळींत हौसाबाईला उठवायचं, भांडवायचं आणि झोपवायचं. विशेषणं गेली. "त्यानंतर काही वेळाने" गेलं. लांबलचक वाक्य पानाबाहेर सांडायचं, म्हणून लांब वाक्यंही गेली. पुण्यातल्या प्रकाशकांच्या संपादकबाईंनी तोवरचा मजकूर वाचला आणि म्हणाल्या, "अलीकडे तुमची शैली फार नेमकी झालीय हं. एक शब्द जास्तीचा नाही." मी नम्रपणे मान खाली घातली. आईच्या डाव्या डोळ्यात माझी शैली मावत होती एवढंच, हे त्यांना कसं सांगू?

शेवटच्या दोन महिन्यांत बाईचे फोन फार गोड यायला लागले. "आजचं पान काय झालं व्हतं, दत्तू! साळू रडली." "कालचं तर लई मोठं वाटलं, सरता सरंना." मी फुलून जायचो. पानावर आता तीनच ओळी मावायच्या. शैलाला म्हणायचो, बघ, तीन ओळींत मी माणसं रडवायला लागलोय. ती म्हणायची, "बरं. आता दोन ओळींत दळण आणा."

शेवटचं पान मी पोस्टानं पाठवलं नाही. सुट्टी बघून स्वतः घेऊन गेलो. बाईनं ते वाचताना मला तिथं असायचं होतं. पानावर तीनच ओळी होत्या, बोटाएवढ्या जाड अक्षरात.

हौसाबाईने दाराला कुलूप लावलं.
कोंबडी काखेत घेतली.
आणि ती गावच्या गाडीत बसली.

खास बाईसाठी केला होता हा शेवट. इतकी वर्षं ती विचारत होती, येईल का रं ती परत तिच्या गावाला? घे, आणली परत.

दुपारचा चहा झाला. साळूकाकू कांदा घेऊन आली, आणखी एक शेजारीण आली. नाना खाटेवर, आता ऐंशीच्या पुढचे. मी त्यांच्या पायाशी. बाईनं चष्मा पुसला, पान डोळ्यांजवळ नेलं, मग मांडीवर ठेवलं आणि वाचायला लागली.

"हौसाबाई कुलूप लावून स्टँडवर आली. बाकड्यावं बसली. कोंबडी मांडीत."

मी चमकलो. स्टँड? बाकडं? मी तोंड उघडणार, तेवढ्यात नानांचा हात माझ्या खांद्यावर पडला.

"दोन म्हैनं झालं," ते अगदी हळू म्हणाले. "पान येतं, ती हातात धरती आन वाचती. मधी बोलू नगो. लई ग्वाड वाचती."

बाई वाचत होती. गाडी आली. कंडक्टर म्हणाला, मावशे, चढ की. हौसाबाई उठली, पायरीवर एक पाय ठेवला. मग तिच्या मनात आलं, खालच्या मजल्यावरची सुमी बाळंत झालीय. ती सकाळी अंडं मागायला वर येईल. तिला कुलूप दिसलं तर? डब्यातल्या नाचणीला पाणी कोण घालील? हौसाबाईनं पाय खाली घेतला. कंडक्टरला म्हणाली, "तू जा रं बाबा. माझ्या गावची माणसं बरी हायती का, तेवढं बघून ये." आणि कोंबडी घेऊन चालत परत आली. कुलूप काढलं. चहाचं आधण ठेवलं.

"संपली," बाई म्हणाली आणि पानावरून हात फिरवला.

साळूकाकूनं नाक ओढलं. "पर बाई, गावाकडची वाट बघत असतील की गं तिची."

"बघू दे," बाई म्हणाली. "वाट बघणाऱ्याला काय झालंय? ती कशी हाय, त्यांना रोज कळतंय की."

मी उठून मागच्या अंगणात गेलो आणि हातपंपावर तोंड धुतलं. एकदा धुऊन भागलं नाही. मग खिशातला मार्कर काढला आणि सगळं जसंच्या तसं उतरून काढलं, बाकड्यासकट, कंडक्टरसकट. पुस्तक आता छपाईला गेलंय. संपादकबाईंनी फोन करून सांगितलं की शेवट फार वरच्या दर्जाचा झालाय. या वेळी मी मान खाली घातली नाही. म्हटलं, "हो, झालाय खरा."

त्या संध्याकाळी निघताना मी बाईच्या पाया पडलो. तिनं माझा चेहरा चाचपला, कानापर्यंत.

"काय रं, बरूबर वाचलं ना म्या?"

"एक अक्षर चुकलं नाही, बाई."

"मंग तसंच छापाया दे," ती म्हणाली. तिला सगळं माहीत होतं, आणि मला माहीत आहे हेही.

फाट्यावर जायला शेजाऱ्याची मोटरसायकल उभी होती. मी रेंगाळत होतो, चपला शोधायचं नाटक करत होतो. उभ्या जन्मात तिनं मला निघताना एकच विचारलं होतं, आता घरी कधी येशील? मी त्याच प्रश्नाची वाट बघत होतो. उत्तरही तयार होतं, पुढच्या रविवारी.

तिनं तो विचारला नाही. तिनं माझ्या पाठीवर हात ठेवून मला ओट्याच्या पायऱ्यांकडं वळवलं, स्वतःला दिसत नसताना, अगदी बरोबर पायऱ्यांकडं.

"गाडी चुकंल," ती म्हणाली. "शैला वाट बघत आसंल. जा, दत्तू. घरी जा."